तू न सांगितलेली ओळ

धुरपामावशी,

तुला जाऊन आज अकरा दिवस झाले. रविवारी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आहे आणि तुझ्या लेकानं, गौतमदादानं, मला एक काम लावलंय. "सुमन, तू लिहिणारी हाईस. आईवर दोन पानं लिही अन् कार्यक्रमात वाचून दाखव," म्हणाला. मी लगेच हो म्हटलं. दुःखाचा प्रसंग असला तरी लिहायचं म्हटलं की मी आधी हो म्हणते आणि मग विचार करते, ही माझी जुनी खोड तुला ठाऊक आहे.

काल दुपारी लातूरच्या तुमच्या खोलीत खिडकीशी बसून दोन पानं लिहिली. तुझे कष्ट, लवकर आलेलं वैधव्य, एकुलत्या एका लेकाला शिकवायची जिद्द, सगळं रीतसर आलं. मग वाचून पाहिलं तर ती बाई कुणीही असू शकत होती. आपल्या वस्तीतल्या कुठल्याही म्हातारीचं नाव वर टाकावं आणि वाचावं, अशी ती पानं. फाडून टाकली. आता हे तुलाच लिहितेय, आणि अकरा वर्षं तुला जे सांगायचं राहिलं तेच लिहिणार आहे. तुला वाचता येत नव्हतं, आता ऐकूही येणार नाही. माझ्यासारख्या भित्रीला अगदी सोयीची वेळ आहे.

आमच्या सरांनी गेल्या महिन्यात वर्गाला एक काम दिलं होतं. लिहिण्याच्या बाबतीत आपली वाढ कशी झाली, ते प्रत्येकानं प्रामाणिकपणे लिहून आणायचं. एम.ए.च्या वर्गात मी वयानं सगळ्यांत मोठी, त्यात कथा छापून आलेली, त्यामुळं सगळ्यांचं लक्ष माझ्याकडं. मी पाच पानं लिहिली. गावच्या शाळेतले गुरुजी, नांदेडच्या कॉलेजचं ग्रंथालय, वसतिगृहातल्या मैत्रिणी, सगळ्यांचे आभार मानले. सरांचे तर दोन ठिकाणी मानले, म्हटलं राहून जायला नको. सरांनी ती पानं वर्गात वाचून दाखवली आणि खाली 'प्रांजळ' असा शेरा दिला. त्या प्रांजळ पानांत तू नव्हतीस. मी कुठं लिहायला शिकले आणि काय करून शिकले, तेवढंच नेमकं मी वगळलं होतं.

माझं पहिलं लिखाण म्हणजे तुझी पत्रं. शिरूर अनंतपाळच्या अलीकडं आपलं गाव, गावाच्या खालच्या अंगाला आपली वस्ती, आणि वस्तीतून कॉलेजात गेलेला पहिला पोरगा तुझा. दादा नांदेडला गेला आणि तू दर पंधरा दिवसांनी पोस्टकार्ड घेऊन आमच्या दारात यायला लागलीस. माझं अक्षर बरं होतं, आणि हाक मारली की मी येत होते. बाकीच्या लिहिणाऱ्यांच्या पाठीमागं लागावं लागायचं.

पत्र सांगायची तुझी एक रीत होती. तू तोंड धुऊन यायचीस, डोक्यावर पदर घ्यायचीस आणि भिंतीला न टेकता ताठ बसायचीस. लेक समोर असल्यासारखी. एरवी अख्ख्या वस्तीला ऐकू जाईल असं बोलणारी तू, पत्र सांगताना आवाज खाली आणायचीस आणि भाषासुद्धा बदलायचीस. "लिव्ह. चिरंजीव गौतम यास आईचा सप्रेम जयभीम. इकडील सर्व खुशाल आहे." हे 'इकडील' तू कुठून उचललंस मला कधी कळलं नाही. बोलताना तू जन्मात कधी इकडील म्हणाली नसशील. मी हसले की डोळे वटारायचीस, "हसू नगं, लिव्ह," म्हणायचीस.

आणि शेवटी म्हणायचीस, "वाच." लिहिलेलं सगळं परत वाचून दाखवल्याशिवाय कार्ड माझ्या हातातून हलायचं नाही. मी वाचायची, तू डोळे मिटून ऐकायचीस, सांगितलेली एकेक गोष्ट आली की मान हलवायचीस. सगळं आलं याची खात्री पटली की कार्ड घेऊन तूच शाळेजवळच्या पेटीत टाकून यायचीस. पेटीत टाकायचं कामही तू कुणावर सोपवलं नाहीस. सोपवलं ते फक्त लिहिण्याचं आणि वाचण्याचं, कारण तिथं तुझा इलाज नव्हता.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. त्याचं वर्णन तुला काय करून सांगू? तू शिरूरच्या रस्त्यावर खडी फोडत होतीस. माझी आई तुझ्या शेजारीच बसायची. बोटांना चिंध्या गुंडाळून तुम्ही घण धरायच्या, दुपारी कामावर वाटलेली सुकडी खायच्या आणि घरी येऊन रेशनवरच्या त्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी थापायच्या, ज्या कितीही थापल्या तरी काठाला फाटायच्याच. गावातल्या विहिरीवर आपल्याला घागर टेकवू देत नसत; उभं राहायचं आणि कुणीतरी वरून ओतेल तेवढं घ्यायचं. बाकीच्या बाया जायच्या. तू नाही गेलीस. ओढ्यात झिरा खांदून वाटीवाटीनं घागर भरायचीस, निम्मा दिवस त्यात जायचा, पण कुणी तुला वरून ओतलेलं मी पाहिलं नाही. "म्या कुणाच्या हाताकडं बगत न्हाई," म्हणायचीस. मला तेव्हा तुझा अभिमान वाटायचा आणि राग पण यायचा, कारण तुझं बघून मलाही झिऱ्यावर बसावं लागायचं.

त्या वर्षी मी नववीत होते. शाळेत निबंध लिहायला सांगितला होता, दुष्काळाचं मनोगत. मी दुष्काळ होऊन बोलले. अशी काही बोलले की गुरुजींनी तो निबंध सगळ्या वर्गांत फिरवला, आणि आठवीतल्या दोन पोरी रडल्या असं मला कुणीतरी येऊन सांगितलं. मावशी, त्या दिवसापासून माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. आपण लिहिलं की माणूस रडतं, हे मला कळलं होतं आणि ते पुन्हा कुठं करून बघावं असं झालं होतं.

अशात तू कार्ड घेऊन आलीस. दादाची बी.ए.ची शेवटची परीक्षा तीन आठवड्यांवर होती. त्या दिवशी तू तोंड धुतलं नव्हतंस, पाणी नव्हतं. बाकी सगळी रीत तीच. "लिव्ह. इकडील सर्व खुशाल आहे. पाण्याची काई आडचण न्हाई. माजी तब्येत बरी हाय. आभ्यास कर." एवढं सांगताना तू डाव्या हाताच्या बोटावरची चिंधी सोडत होतीस, आणि ती चिकटून बसल्यामुळं सुटत नव्हती. मी त्या बोटाकडं बघत होते. मग तू शेवटचं सांगितलंस, "परीक्षा झाल्याबिगर येऊ नको."

ते मी लिहिलं नाही. त्या जागी मी लिहिलं, 'गौतमा, आता माझ्यानं एकटीनं होत नाही. तू ये.'

आता वाटतं, तुझी कीव आली म्हणून लिहिलं असं म्हणावं. थोडी आली होती, खोटं कशाला बोलू. पण खरं म्हणजे मला ती ओळ आवडली होती. वरच्या खुशालीच्या ओळींखाली ती अचानक येते, आणि वाचणाऱ्याच्या काळजाला लागेल, हे मला लिहितानाच समजलं होतं. तुझी खुशाली मला खोटी वाटत होती आणि माझी ओळ खरी. चौदा वर्षांच्या पोरीला असं वाटलं, की तुझ्या मनातलं तुझ्यापेक्षा आपल्यालाच जास्त कळतं.

मग तू म्हणालीस, "वाच." आणि मी कार्ड डोळ्यांसमोर धरून, तू सांगितलं होतंस तसंच्या तसं म्हणून दाखवलं. 'परीक्षा झाल्याबिगर येऊ नको' हेही म्हटलं, जे कार्डावर नव्हतं. तू डोळे मिटून मान हलवलीस. माझा आवाज जरासुद्धा हलला नाही. ओळ लिहिली ती एक चूक. पण हे जे वाचलं ना मावशी, त्याला मी चूक म्हणू शकत नाही. ते पाप होतं.

दादा आठव्या दिवशी आला. दुपारची वेळ होती, मी आईची भाकरी घेऊन कामावर आले होते. तो फाट्यावर उतरून चालत आला, हातात पत्र्याची पेटी, म्हणजे बिऱ्हाड उचलूनच. तू घण खाली ठेवलास आणि उठलीसुद्धा नाहीस.

"कोण बोलावलं तुला?"

"पत्र आलं म्हणून आलो."

"म्या तर खुशाल हाय म्हणून लिवलंतं."

दादा हसला. मला ते हसू अजून दिसतं. आईचं तोंड एक बोलतं आणि मन एक, हे आपल्याला माहीत आहे, असं हसू. त्यानं पेटी बाजूला ठेवली, तुझ्या हातातला घण घेतला आणि तुझ्या जागेवर बसला. मुकादमानं संध्याकाळी त्याचं नाव हजेरीत घातलं. तू त्याला चार दिवस बोलत होतीस, परत जा, परत जा. तो म्हणायचा, पुढच्या वर्षी देतो परीक्षा. पुढच्या वर्षी काही नवं निघालं, मग त्याच्या पुढच्या वर्षी लग्न निघालं. ते राहिलं ते राहिलंच.

तू माझ्याकडं तिसऱ्या दिवशी आलीस. दारातच उभी राहिलीस. "सुमे, काय लिव्हलं व्हतंस गं?"

"तू सांगितलं तेच," मी म्हणाले.

तू माझ्याकडं बघत राहिलीस. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, पण त्या वेळात मी खरं बोलू शकले असते. मग तू होकारासारखं "हाव" म्हणालीस आणि गेलीस. त्या एका 'हाव'चा अर्थ लावण्यात माझी अकरा वर्षं गेली आहेत.

मला वाटलं होतं, तू आता माझ्या हातून पत्र लिहून घेणार नाहीस. पण उमरीला दिलेल्या तुझ्या लेकीला पत्र पाठवायची वेळ आली तेव्हा, घरात शिकलेला लेक असूनही, तू कार्ड घेऊन माझ्याच दारात आलीस. तोंड धुऊन, पदर घेऊन. मी लिहून वाचायला सुरुवात केली तर तू हात पुढं केलास. "दे. वाचायला गुर्जी हाईत की." आणि कार्ड घेऊन शाळेत गेलीस. तेव्हापासून हीच पद्धत पडली. लिहायचं मी, वाचून दाखवायचं गुरुजींनी. दुसऱ्या कुणाकडून लिहूनही घेतलं नाहीस. गुरुजींना गंमत वाटायची. "काय सुमन, तुझ्या मावशीचा तुझ्या अक्षरावर भरवसा आहे, तुझ्यावर नाही," असं ते चारचौघांत म्हणायचे आणि सगळे हसायचे. मीही हसायची. तू हसली नाहीस कधी.

सरांनी विचारलेली ती माझी वाढ इथं झाली, मावशी. गुरुजी शब्द न् शब्द वाचणार, एकही इकडचा तिकडं झाला तर तुला कळणार, म्हणून मी मान खाली घालून ऐकायला शिकले. तू कुठं थांबतेस, कुठं बोललेलं मागं घेतेस, लेकीला काय सांगतेस आणि जावयानं वाचलं तर म्हणून काय गाळतेस, सगळं. 'बरं हाय' हे तू तीन तऱ्हांनी म्हणायचीस आणि तिन्हींचा अर्थ निराळा असायचा. पण मला लिहायचं असायचं फक्त 'बरं आहे'. आपल्याला काय वाटतं ते बाजूला ठेवून दुसऱ्याचं वाक्य जसंच्या तसं उतरवायचं, हे किती अवघड असतं ते मी तिथं बसून शिकले. मागं एकदा सर वर्गात म्हणाले, "सुमनबाईंच्या संवादांना कान आहे." पोरींनी टाळ्या वाजवल्या. कान कुणी धरला होता ते मी सांगितलं नाही.

आणि दादानं काय केलं ते तुला माहीतच आहे. मॅट्रिकनंतर वडिलांनी मला घरी बसवलं. चार वर्षं बसले. दादा येऊन वडिलांशी भांडला, "माझं ऱ्हायलं, निदान हिचं तरी होऊ द्या," म्हणाला. नांदेडला मला घेऊन तोच गेला. कॉलेजच्या कचेरीत माझा अर्ज त्यानं भरला, स्वतःच्या वळणदार अक्षरात, आणि बाहेर आल्यावर व्हरांड्यातला एक वर्ग मला दाखवला. "इथं बसायचो मी," म्हणाला. मी तेव्हाही बोलले नाही. वसतिगृहात जाऊन रडले, पण रडण्याचा दादाला काय उपयोग.

लातूर जिल्हा झाला तेव्हा सगळे किती खूश होते. आता कशालाही उस्मानाबादला जायला नको. भाड्याच्या इमारतींवर कचेऱ्यांच्या पाट्या लागल्या, रंगसुद्धा वाळला नव्हता. माणसं लागणार होती आणि दादाला काम लागलं, शिपायाचं. तू गावाहून उठून लातूरला आलीस, या खोलीत राहायला, आणि भेटेल त्याला सांगायचीस, "लेक सरकारी हापिसात हाय." मी सुट्टीत आले तेव्हा दादाला भेटायला त्याच्या कचेरीत गेले. त्याच्या नांदेडच्या वर्गातले दोघं तिथं कारकून होते. त्यांनी परीक्षा दिली होती. वाईट माणसं नाहीत ती. एकजण त्याला 'गौतम' म्हणायचा, दुसरा तर 'गौतमराव'. पण चहा दादानं आणला आणि ते बसून प्यायले. माझ्यासाठीही त्यानं एक कप आणला. तो चहा मी कसा संपवला ते मलाच माहीत.

त्याच सुट्टीत मी तुला माझी कथा वाचून दाखवली. नुकती छापून आली होती. दादा कामावर, वहिनी नळावर, तू आणि मी दोघीच. कथेतली आई दुष्काळी कामावर असते आणि लेकाला पत्र पाठवून बोलावून घेते. होय, एवढं होऊनही मी ते वापरलं. वापरल्याशिवाय राहवलं नाही. तू भिंतीला न टेकता बसून ऐकलंस, अगदी पत्राच्या वेळी बसायचीस तशी.

"ह्या बाईनं लेकाला बोलवलं?" तू विचारलंस.

"हो."

"कामून?"

"एकटी होती ती, मावशी."

"एकटी तर म्याबी व्हते. म्या न्हाई बोलवलं." आणि तू माझ्याकडं बघितलंस.

मी घाईघाईनं बोलायला लागले. कथा आहे गं ही, कथेतलं खरं नसतं, बनवावं लागतं, सगळेच लेखक बनवतात. वर्गात सर जे शिकवतात ते सगळं तुझ्यासमोर ओतलं.

तू शांतपणे म्हणालीस, "मंग खरं कोण लिवणार?"

मी म्हटलं, खऱ्यासाठी वर्तमानपत्र असतं. तू म्हणालीस, वर्तमानपत्रवाला आपल्या वस्तीत कधी आला होता ते सांग. एवढ्यात वहिनी घागर घेऊन आली आणि आपलं भांडण तिथंच थांबलं. नंतर मला त्यावर पुष्कळ उत्तरं सुचली. वसतिगृहाच्या गच्चीवर फेऱ्या मारत मी तुझ्याशी कितीतरी वेळा वाद घातला आणि दरवेळी जिंकले. पण तुझ्यासमोर यायची वेळ आली की मला एकही उत्तर पुरेसं वाटायचं नाही.

दादानं मात्र त्या कथेचा अंक जपून ठेवलाय. "माझ्या आईचं तू बरोबर लिहिलंस," असं मला म्हणाला होता. मला मिळालेली ती सगळ्यांत मोठी शाबासकी, आणि तीच मला सगळ्यांत जास्त टोचते.

शेवटचं भेटलो ते गेल्या महिन्यात. तुला दम लागत होता, उशीला टेकून बसली होतीस. आता टेकावंच लागत होतं. दादा औषध आणायला गेला, वहिनी पोरीला शाळेतून आणायला. तू डोळे मिटून होतीस आणि तशीच म्हणालीस, "बोल की, काय बोलायचं ते."

मावशी, तू दार उघडून दिलं होतंस. मी आत यायचं होतं फक्त. मी म्हणाले, "परीक्षा जवळ आलीय मावशी, लई अभ्यास हाय." तू म्हणालीस, "कर मंग." तार आली तेव्हा मी वर्गात होते. पहिल्या एस.टी.नं निघाले तरी अहमदपूरच्या पुढं गाडी बंद पडली. मी पोचले तोवर तुला नेलं होतं.

तुझा मला धाक होता. तुझ्याइतकी माया मी माझ्या आईवरही केली नसेल, हे आईला माहीत आहे आणि ती बिचारी काही म्हणत नाही. तू मला एकदा जरी बोलली असतीस, शिव्या दिल्या असत्यास, तर मी सुटले असते. तू फक्त वाचणारा बदललास आणि लिहिणारीला ठेवलंस. त्याबद्दल तुझे उपकार मानू की तुझ्यावर चिडू, ते मला अजून ठरवता येत नाही. दोन्ही करते.

इथपर्यंत लिहून झालं आणि मी थांबले. हे रविवारी लोकांसमोर वाचायचं असेल तर आधी दादानं ऐकायला हवं, एवढं मला कळत होतं. आज दुपारी तो अंगणात होता, कार्यक्रमासाठी मागून आणलेल्या सतरंज्या मोजून लावत. मी म्हटलं, "दादा, आधी तू ऐक." तो सतरंज्यांच्या ढिगावर बसला आणि मी पायरीवर बसून पहिल्यापासून वाचलं. काही गाळलं नाही.

सुरुवातीला तो हसत होता. 'इकडील'वर तर मोठ्यानं हसला, "आगदी आई, आगदी आई," म्हणाला. मग कार्डाचा भाग आला आणि तो हलायचा थांबला. मी शेवटपर्यंत वाचलं. कागद खाली ठेवले. तो रागावेल, ओरडेल, कदाचित हात उगारेल, असं धरून मी बसले होते. तसं त्यानं केलं असतं तर बरं झालं असतं.

"ते कार्डाचं पुन्हा वाच," तो म्हणाला.

मी पुन्हा वाचलं.

"म्हंजी 'तू ये' हे आई म्हणली नव्हती?"

"न्हाई, दादा. मी लिव्हलं."

त्यानं हातातली सुतळी बोटाला गुंडाळली आणि सोडली. "परीक्षेचं जाऊ दे," तो म्हणाला. "परीक्षेचं मला कधीच काई वाटलं न्हाई, खरं सांगतो. शिपाई म्हणून टेबलावर पाणी ठेवताना बी वाटलं न्हाई. तुला वाटत आसंल मी मन मारून ऱ्हायलो, तसं न्हाई. आईनं जन्मात मला कधी ये म्हणलं न्हाई सुमन. ताप आला तरी न्हाई, सणाला बी न्हाई. एकदाच म्हणली, आन् मी गेलो. मला वाटायचं, म्हणली तेव्हा मी गेलो, एवढं तर केलं आपण."

मला कळलंच नव्हतं, मावशी. इतकी वर्षं मी त्याची डिग्री घालवली म्हणून झुरत होते. त्याच्यासाठी तोट्याची गोष्ट ती नव्हतीच. त्या ओळीवर तो अकरा वर्षं उभा होता, आणि आज दुपारी, माझं मन हलकं व्हावं म्हणून, मी ती त्याच्याकडून काढून घेतली. खोटं बोलून एकदा नुकसान केलं आणि खरं बोलून दुसऱ्यांदा. रविवारी वाचू की नको, हे मी त्याला विचारलं. "तुला वाटंल ते वाच," म्हणाला. त्याचं तिकडं लक्ष नव्हतं.

मग त्यानं विचारलं, माझ्याकडं न बघता. "तिला वाटत तरी व्हतं का गं, मी यावं म्हणून? तू तर समोर बसलेली. पत्र सांगताना तिचं तोंड बघत व्हतीस."

मावशी, माझ्याकडं वाक्य तयार होतं. ते शोधावंसुद्धा लागलं नाही, आपोआप ओठांवर आलं. चांगलं वाक्य होतं, आणि दादाला त्याची भूक लागली होती. ते खरंही असेल कदाचित. न्हाई म्हणून सांगायला तू नव्हतीस आणि वाचून बघायला गुरुजी नव्हते.

"मला माहीत न्हाई, दादा," मी म्हणाले. "ती मला तसं कधी बोलली न्हाई."

तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला, अजून काही येईल म्हणून. मी उठले आणि राहिलेल्या सतरंज्या मोजायला लागले.